शेवग्यावरच्या तलंगा

हौसा : आधीच सांगते, घरी ये म्हनायला फोन केला न्हाय मी.

ऋतिका : आई? मला वाटलं बाबांचा फोन आहे, म्हणून उचलला.

हौसा : त्यांचाच हाय. माजा तू उचलत न्हाय ना. बारा दिस झाले कशेळीला माहेरी जाऊन बसलीस. नवऱ्याचा फोन उचलतेस, सासऱ्याचा उचलतेस, सासूचा तेवढा वाजून वाजून बंद पडतो.

ऋतिका : काम काय आहे ते बोला. आठवड्यातून एक सुट्टी मिळते मला, कपडे भिजत पडलेत.

हौसा : काम माजं न्हाय. तुज्या कोंबड्यांचं हाय.

ऋतिका : माझ्या कधीपासून? निघाले तेव्हा तर म्हणालात, या घरातलं पीससुद्धा तुझं नाही.

हौसा : रागात बोलतं मानूस. तुज्याच हायत. मावशीकडून अंडी आनून खुडूक कोंबडीखाली तू ठेवलीस, मी न्हाय. आनि आता त्या माज्या डोक्यावर बसल्यात. चौदाच्या चौदा तलंगा, तिनसांजा झाल्या की शेवग्यावर चढतात. एक म्हनून खुराड्यात जात न्हाय.

काळूराम : चौदा नको सांगू. बारा सांग.

हौसा : तुमी मधी बोलू नका.

ऋतिका : बारा? बाबा, बारा कशा?

काळूराम : फोन स्पीकरवर हाय पोरी, ऐकू येतं मला. दोन उदमांजरानं नेल्या. एक परवा, एक काल.

ऋतिका : कोणत्या? ती पांढऱ्या पायांची नाही ना?

काळूराम : ती हाय. भाविकच्या मोटारसायकलच्या हँडलवर बसते. आताही तिथंच हाय.

ऋतिका : आणि हे मला आज सांगताय. दोन गेल्यावर.

हौसा : फोन उचलला असतास तर एक गेल्यावर सांगितलं असतं. आता बोल, काय करायचीस तू त्यांना?

ऋतिका : काही नाही करायचे.

हौसा : काही न्हाय कसं? तू व्हतीस तोवर दिवेलागनीला रांग लावून जायच्या आत. शाळेची पोरं जात न्हाईत अशी. तू गेलीस नि दुसऱ्या दिवसापासून झाडावर. जाताना काय कानात सांगून गेलीस त्यांच्या?

ऋतिका : हो, मीटिंग घेतली होती मी त्यांची. म्हटलं, सासूबाईंना छळा.

हौसा : बघा, ऐकताय ना? कशी बोलते ती.

काळूराम : तू इचारतेस पन तसंच.

हौसा : मी सगळं करून बसले, म्हनून विचारते. बा बा बा करून घसा बसला. खुराड्यात तांदळाच्या कन्या टाकल्या, तर खाल्ल्या नि बाहेर येऊन शेवग्यावर बसल्या. आत कंदील टांगला. सीताबाई म्हनाली, तीन दिस कोंडून ठेव, जागा ओळखतात. तीन दिस कोंडल्या, चौथ्या दिवशी सोडल्या, तिनसांजेला परत वर. सीताबाई आपल्या ओट्यावर बसून हसते. म्हनते, हौसाबाई, तुज्या घरात राहायला कोनच तयार न्हाय काय गो?

ऋतिका : असं म्हणाल्या सीताकाकू?

हौसा : तोंडावर म्हनाली. अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

ऋतिका : मग कसं वाटलं?

हौसा : म्हंजे?

ऋतिका : अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं कोणी बोललं की कसं वाटतं, ते विचारते.

हौसा : सुरू झालं हिचं. मी कोंबड्यांचं बोलते, ही बारा दिस मागं जाते.

काळूराम : ऋतिका, भांडन नंतर कर पोरी. मला खरंच सांग काय करायचीस ते. ही माजी कंबर गेली. रोज रात्री शिडी लावायची, एकेक कोंबडी धरायची, हिच्या हातात द्यायची. काल पायरी चुकली. वाचलो ते केळीच्या खुंटावर पडलो म्हनून.

ऋतिका : तुम्ही शिडीवर चढता? या वयात? आणि भाविक कुठे असतो?

हौसा : तो टेम्पो घेऊन वापीला. परत येतो तो मध्यरात्री. सांगायला गेलं तर म्हनतो, आई, तुमचं दोघींचं तुमी बघा. जसं काय मी नि तू मिळून कोंबड्या झाडावर चढवल्या.

ऋतिका : बाबा, देवाशपथ सांगते, मी काहीच करत नव्हते. मी त्यांना कधी बोलावलं पण नाही. सहाला कंपनीची व्हॅन मला गेटापाशी सोडायची. पाच मिनिटं पोरींशी बोलत उभी राहायचे. मग आत यायचे, तोवर त्या खुराड्यात गेलेल्या असायच्या. मी फक्त कडी लावायचे.

काळूराम : तू यायच्या आधीच?

ऋतिका : आधीच. मला वाटायचं आईंनी घातल्या असतील.

हौसा : मी? मी कशाला घालू? मी ओट्यावर दिवा लावत असायची. मला वाटायचं हिनं घातल्या.

काळूराम : मग कोनी घातल्या?

हौसा : आता मला काय विचारता. पिल्लांना खुराड्यात जायचं त्यांची आई शिकवते. ती तर तीन आठवड्यांत कुत्र्यानं नेली. बिनआईची पोरं, मनाला येईल तिथं बसतात.

ऋतिका : मी ठेवते फोन. मला खरंच माहीत नाही.

हौसा : ठेव. मला माहीतच व्हतं तू सांगनार न्हाय. घरातून जाताना विद्यासुद्धा गाठोड्यात बांधून नेलीस.

ऋतिका : आई, आता ऐकाच. मी गेले नाही, तुम्ही घालवलंत. पहिल्या तारखेपासून माझी शिफ्ट सातपर्यंत झाली, घरी यायला साडेसात होणार, एवढंच सांगितलं मी. तुम्ही काय म्हणालात? दिवेलागणीनंतर सून घरात शिरते असं या घरात झालं नाही, शिफ्ट आवडते तर शिफ्टमध्येच राहा.

हौसा : मग काय चुकलं? तिनसांजेला घरची लक्ष्मी बाहेर नसावी. मी न्हाय केलं ते. आमच्या आधीपासून चालत आलंय.

ऋतिका : आणि गेटावरचा बल्ब? दिवाळीपासून गेलाय. साडेसातला मी त्या गटाराच्या फळीवरून मोबाईलच्या उजेडात येणार. बल्ब लावा म्हटलं तर म्हणालात, वेळेवर येणारीला बल्ब कशाला लागतो.

काळूराम : ते म्हनाली व्हती खरी.

हौसा : तुमी कोनाच्या बाजूचे?

काळूराम : मी शिडीच्या बाजूचा.

ऋतिका : आणि तेही सोडा. शिफ्टचं मी गिळलं असतं. पण ती हाक. रोज. मी व्हॅनमधून उतरले रे उतरले की ओट्यावरून सुरू. त्या पोरी ऐकायच्या, ड्रायव्हर ऐकायचा. मी लहान आहे का? चोवीस वर्षांची आहे, बी.कॉम. झालेय, गोडाऊनमध्ये माल स्कॅन करायला माझ्या हाताखाली सहा जणी आहेत. आणि मला गुरासारखं बोलवायचं.

हौसा : गुरासारखं काय त्यात?

ऋतिका : तुम्हाला माहीत आहे पूर्ण्याला गोडाऊनमध्ये काय चाललंय? त्या पोरींनी सगळ्यांना सांगितलं. लंच संपला की कोणीतरी तुमच्या आवाजात ओरडतं. तो यूपीचा ड्रायव्हर म्हणतो, रितिका, घर में आओ, अम्मा बुला रही है. एकदा तर सुपरवायझर माईकवर बोलला. दोनशे माणसं हसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

हौसा : हे मला का न्हाय सांगितलंस?

ऋतिका : सांगितलं. म्हटलं, आई, हाक मारू नका, मी येतेच आहे. तुम्ही म्हणालात, माझ्या घरात माझ्या तोंडाला कुलूप लावणार काय?

हौसा : मग, हसतात ते मेले हसतात, माजी काय चूक? त्या सुपरवायझरला आई न्हाय काय? त्याला कधी कोनी घरात बोलवलं न्हाय वाटतं. आनि मी असं काय वाईट बोलत व्हते? शिवी देत व्हते? एवढंच ना म्हनायची मी, ऋतिकाऽऽ, तिनसांजा झाल्या, घरात येऽऽ. यात काय गुरासारखं हाय सांग. शिवी हाय यात? अपशब्द हाय? तूच सांग मला.

काळूराम : तू गप हो.

हौसा : मी का गप होऊ, ती बोलली तेव्हा…

काळूराम : अगं गप हो नि शेवग्याकडं बघ.

(पंख फडफडल्याचा आवाज, मग आणखी एक.)

ऋतिका : हॅलो? बाबा? काय झालं?

काळूराम : उतरतायत.

ऋतिका : कोण?

काळूराम : कोंबड्या. चार उतरल्या. पाच. ती तांबडी पन. सरळ खुराड्याकडं चालल्यात, इकडं तिकडं बघतसुद्धा न्हाईत. गेली एक आत. दुसरी गेली.

हौसा : अगो बाय.

ऋतिका : पण कशा? काय केलंत?

काळूराम : काय केलं न्हाय. ही ओरडली.

ऋतिका : काय ओरडल्या?

काळूराम : तेच. तुजी हाक. रोजची.

ऋतिका : काहीतरीच काय बाबा.

काळूराम : अगं, बघ ना. पिल्लं व्हती तवापासून, आई मेल्यापासून, तिनसांजेला काय ऐकलं त्यांनी? ही ओट्यावरून ओरडायची, नि लगेच काळोख पडायचा. आईनं शिकवलं न्हाय, ते हिनं शिकवलं. त्यांना काय ठाऊक ऋतिका कोन. त्यांना वाटतं आपलंच नाव ऋतिका हाय.

हौसा : बारा दिस मी बा बा बा करत बसले.

काळूराम : बा बा बा त्यांना कोनी म्हटलंच न्हाय कधी.

ऋतिका : म्हणजे गोडाऊनमध्ये दोनशे माणसं माझ्या नावाने हसतात, आणि घरी बारा कोंबड्या माझ्या नावाने झोपतात. छान आहे.

काळूराम : सात गेल्या आत. पाच राहिल्या. चार शेवग्यावर, एक हँडलवर. ऐकलं काय, परत एकदा मार हाक.

हौसा : मी न्हाय मारनार.

काळूराम : का?

हौसा : सीताबाई बघा. ओट्यावर येऊन उभी राहिली. हातानं विचारते, सून आली काय? काय सांगू तिला? मगाशी रागात तोंडातून गेलं ते गेलं. आता मुद्दाम ओरडले तर उद्या अख्ख्या खारबाव गावात बोभाटा होईल, हौसा सुनेला गेटापाशी उभी राहून हाका मारते, नि सून तिकडं कशेळीला.

ऋतिका : मला मारायच्या तेव्हा आळीची लाज नाही वाटली. आता स्वतःवर आल्यावर वाटते.

हौसा : लाज कशाची वाटायची मला? तुला नावानं हाक मारायची लाज? ऐक गो, आज ऐकूनच घे. माजं नाव काय?

ऋतिका : आता हे काय मधेच?

हौसा : सांग तू. काय नाव माजं?

ऋतिका : हौसा.

हौसा : मैना. माज्या बापानं ठेवलेलं. लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं, त्यात अंगठीनं हौसा लिहिलं, नि मैना संपली. बरं, हौसा तर हौसा, ते तरी कोनी घेतलं काय? माजी सासू रंगूबाई, माज्या पोराच्या आज्जीबद्दल वाईट बोलू नये, पन सत्तावीस वर्षं तिनं मला 'ए' म्हटलं. ए, पानी आन. ए, शेन काढ. कोन आलं गेलं तर सांगायची, ती घरात हाय ती. जीव गेला तिचा तेव्हासुद्धा 'ए, पाय दाब' म्हनाली. नि हे. हे अजून 'ऐकलं काय' म्हनतात.

काळूराम : आता मी काय केलं?

हौसा : काय केलं न्हाय तेच. चाळीस वर्षं झाली, मैना तुमाला ठाऊक तरी हाय काय?

काळूराम : पत्रिकेत वाचलेलं मी. चांगलं नाव व्हतं.

हौसा : वाचलेलं, म्हने. तुज्या लग्नात, ऋतिका, भटजी ताट घेऊन बसले. भाविकच्या आत्या म्हनाल्या, नाव बदला, राशीवरनं भार्गवी ठेवा. मी म्हटलं, न्हाय. पोरगी जे नाव घेऊन आली तेच लिहा. भांडले मी मांडवात. ती आत्या अजून माज्याशी नीट बोलत न्हाय. आनि मी मनात म्हटलं, माज्या सुनेला मी 'ए' म्हननार न्हाय. नावानं हाक मारीन, नि अशी मारीन की आळीत शेवटच्या घराला समजलं पायजे, हौसाच्या सुनेला नाव हाय. त्याचं तू हे केलंस. म्हने गुरासारखं. गुराला कोन एवढ्या हौसेनं हाक मारतं?

काळूराम : ऐकतेस ना पोरी? लाईन हाय ना?

ऋतिका : आहे.

काळूराम : मग सांग, ठाऊक व्हतं तुला हे?

ऋतिका : हे मला कोणी सांगितलंच नाही. मला वाटलं भार्गवी नाव भाविकनेच नको म्हटलं.

हौसा : भाविक? त्याला त्या दिवशी स्वतःचं नाव आठवत नव्हतं.

ऋतिका : पण आई, तुमचं मन मला कसं कळणार? मला फक्त हाक ऐकू येते. आणि ती हाक ऐकून लोक हसतात ते खरंच आहे. ते खोटं नाही झालं.

हौसा : न्हाय झालं. मी कुठं म्हनते झालं. मला ते कळलं असतं तर त्या सुपरवायझरला फोन करून विचारलं असतं, तुज्या आईचा नंबर दे म्हनून.

ऋतिका : नका हं. खरंच कराल तुम्ही.

हौसा : करीन. नंबर दे त्याचा.

काळूराम : काळोख होतोय. चार बाहेर हायत अजून. उदमांजर याच टायमाला येतं, काल याच टायमाला आलं व्हतं.

ऋतिका : चार? मगाशी पाच होत्या ना?

काळूराम : एक आपसूक गेली. शेवग्यावर तीन नि ती पांढऱ्या पायांची हँडलवर, मिळून चार.

ऋतिका : आई, मारा हाक.

हौसा : सीताबाई…

ऋतिका : बघू दे सीताकाकूंना. माझं नाव आहे, माझी परवानगी आहे. मारा. पांढऱ्या पायांची गेली तर मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही.

हौसा : आता कुठं बोलत व्हतीस? धरा हा फोन जरा. कानापासून लांब धर गो तू. ऋतिकाऽऽ, तिनसांजा झाल्या, घरात येऽऽ.

ऋतिका : उतरल्या?

काळूराम : एक. दोन. तिसरी उडाली, पडली, उठली, चालली. हँडलवरची ऐकून न ऐकल्यासारखं करते.

ऋतिका : करणारच. जरा वेळ द्या तिला. तिला पाच मिनिटं लागतात.

हौसा : कोनावर गेली ती समजलं.

काळूराम : सीताबाई विचारते, सून कुठंशी आली म्हनून.

हौसा : सांगा तिला, कोंबड्यांना हाक मारली.

काळूराम : सांगितलं. हसते ती.

हौसा : हसू दे. दोनशे हसतात तिथं ही एक.

ऋतिका : आई, रोज मारावी लागणार तुम्हाला. एक दिवस चुकली तर परत वर बसतील.

हौसा : माहीत हाय मला. रोज मारीन. कोंबड्यांसाठी मारीन, तुला बोलवत न्हाय मी.

ऋतिका : मी कुठे म्हटलं मला बोलावताय म्हणून.

हौसा : सांगून ठेवते. नायतर म्हनशील, सासूनं माघार घेतली.

ऋतिका : नाही म्हणणार. आणि माझी शिफ्ट बदलणार नाहीये. मार्चपर्यंत सातच. व्हॅन गेटापाशी येईपर्यंत साडेसात होतात. तेव्हा तुमच्या तिनसांजा होऊन गेलेल्या असतात, हे पण सांगून ठेवते.

हौसा : मी काय विचारलं तुजी शिफ्ट?

ऋतिका : नाही विचारलं. मीच सांगितली.

हौसा : कपडे भिजत पडलेत ना तुजे? जा धू. अंगाला वास येईल उद्या.

ऋतिका : ठेवते. बाबा, शिडी आतच ठेवा आता.

काळूराम : ठेवतो पोरी. ती पांढऱ्या पायांची उतरली बघ. खुराड्याच्या पायरीवर उभी राहून मागं बघते. गेली.

ऋतिका : गेली ना आत? बरं. कडीला खिळा घाला वरून, ती कडी उघडते वाऱ्याने.

काळूराम : घातला. ठेवला तिनं फोन.

हौसा : ठेवला काय? एकदा म्हनून न्हाय विचारलं, आई, तुमी जेवलात काय.

काळूराम : तू तरी कुठं विचारलंस. काय वाटतं, येते?

हौसा : मी कोंबड्यांचं विचारायला फोन केला व्हता. कोंबड्या आत गेल्या. संपला विषय.

काळूराम : बरं.

हौसा : उद्या बाजारात जानार ना तुमी?

काळूराम : जानार. काय आनू?

हौसा : गेटावरचा बल्ब आना. मोठा, फळी दिसेल असा.

काळूराम : आता कशाला? कोंबड्या तर जातात हाकेवर.

हौसा : साडेसातला काळोख असतो तिथं.